दीव : एका रात्रीचा मुक्काम

सौराष्ट्राच्या सहलीत दीवला थांबायचे आमच्या मनात नव्हते. सोमनाथहून भावनगर, तेथून पालिताणा आणि मग परतीची वाट, असा बेत होता. पण एवढा पल्ला आईला एका दिवसात झेपणार नाही हे उघड होते, आणि राजकोटपासून बरोबर असलेल्या गाडीच्या चालकाने मध्ये एक रात्र दीवला काढा असे दोन-तीनदा सुचवले. त्याच्या बोलण्यातली कळकळ आईच्या प्रकृतीविषयी असावी असा माझा समज झाला. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीव गुजरातेत नाही, हे साधे तथ्य घोघला ओलांडून खाडीवरच्या पुलाला लागेपर्यंत रस्त्याच्या दुतर्फा लागलेल्या पाट्यांनी ध्यानात आणून दिले.

हा डिसेंबर २०१९चा मधला आठवडा. दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश दादरा आणि नगर हवेलीशी एकत्र करणारा कायदा नुकताच संमत झाला होता. २६ जानेवारी २०२० पासून जुन्या नावाच्या सरकारी पाट्या निरुपयोगी होणार होत्या. बेट जेमतेम अकरा-बारा किलोमीटर लांबीचे. एका दिवसात सगळे पाहून होते, असे चालक म्हणाला, आणि त्या अर्थाने आम्ही ते पाहिलेही. फुदमजवळची, भरतीच्या पाण्याने न्हाणारी गंगेश्वराची पाच शिवलिंगे, नायडाच्या गुहा, सेंट पॉलचे चर्च; प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे. या स्थळांचे वर्णन करण्याचा अधिकार वीस मिनिटांत प्राप्त होत नाही. ते काम माहितीपुस्तिकांनी पूर्वीच केलेले आहे.

गाडीत आम्ही चौघे होतो : आई, पत्नी, एकोणीस वर्षांचा मुलगा आणि मी. याखेरीज पत्नीच्या पर्समध्ये घडी घातलेला एक अर्ज होता. मुलाला अभियांत्रिकीचे शिक्षण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर सोडायचे होते. महाविद्यालयाच्या छापील नमुन्यात पालकाच्या सहीसाठी एक चौकट होती आणि ती दिवाळीपासून रिकामी होती. पुढे काय करणार, या प्रश्नावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते, हा माझा मुख्य आक्षेप. त्या आक्षेपाच्या भरात मी त्याला 'पळपुटा' म्हणालो होतो. हा शब्द मी एकदाच उच्चारला. त्यानंतर आम्हा दोघांमधली भाषा 'पाणी दे', 'गाडी आली' इतकी आटोपशीर झाली. मी मराठीचा प्राध्यापक आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे.

दुपारी नागोव्याच्या किनाऱ्यावर गेलो. घोड्याच्या नालासारखा वळलेला हा किनारा सुंदर आहे, पण त्या दुपारी तो दिसण्यास थोडे कष्ट पडत होते. वाळूवर उंट, पाण्यावर धूर सोडीत फिरणाऱ्या स्कूटरी, आकाशात छत्र्यांना टांगलेली माणसे. पत्नी आणि मुलगा पाण्याकडे गेले. आई मात्र किनाऱ्यामागच्या झाडांपाशी थांबली. तिकडे ज्याला होका म्हणतात तो हा ताड. बुंध्याला फाटे फुटलेला, जणू एका झाडावर तीन-चार झाडे उभी आहेत असा. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेतून आणला असे तिथे सांगतात. "अरे, हा तर रावणताड," आई म्हणाली. आईचे माहेर चौलचे. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटातला सातखणी मनोरा पाहत तिचे बालपण गेलेले. पडक्या चर्चचे, ओहोटीच्या चिखलाचे, जुन्या तोफांचे तिला काही नवल नाही. दीवमध्ये तिला आपलेच कुणी भेटल्यासारखे झाले होते. तिने खाली पडलेली चार तपकिरी फळे उचलून पिशवीत टाकली. त्यांचे पुढे काय करायचे, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

सूर्यास्ताला 'खुकरी'च्या स्मारकावर पोहोचलो. समुद्राकाठच्या टेकाडावर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, आणि समोर समुद्र. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री याच समुद्रात, दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी' बुडवली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले आणि ते स्वतः जहाजावरच राहिले. स्मृतिदिन होऊन आठवडाच लोटला होता. वाहिलेली पुष्पचक्रे वाळून तिथेच होती. आईला त्या युद्धाच्या दिवसांतला काळोख आठवला, खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद आठवले. मुलगा बराच वेळ नावे वाचत उभा राहिला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो. न पळणाऱ्या माणसाच्या स्मारकापाशी मी त्याला मुद्दाम आणले आहे, असे त्याला वाटत असेल काय, हा विचार मनात आला आणि मी आणखी दहा पावले मागे सरलो. वस्तुतः तिथे आम्हाला चालकाने आणले होते.

रात्री धक्क्यावर वारा खात बसलो. समोर पाण्यात पाणीकोठा हा लहानसा जलदुर्ग दिव्यांनी उजळलेला. बाकावर शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही मराठी बोलतो हे ऐकून त्यांनी हिंदी-गुजराती मिश्रणात विचारपूस सुरू केली. गोवा, दमण आणि दीव हा एकच प्रदेश होता तेव्हा, म्हणजे १९८७ पूर्वी, पणजीहून आलेले अनेक कारकून त्यांच्या परिचयाचे होते. त्यांच्याकडून चार मराठी शब्द कानी पडलेले. त्यांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला. १९ डिसेंबर १९६१ रोजी दीव भारतात आले तेव्हा ते शाळकरी होते. किल्ल्यावर 'आयएनएस दिल्ली'ने केलेला तोफांचा मारा त्यांना आठवत होता, पोर्तुगीज बाराखडीही थोडी आठवत होती. दोन्ही मुलगे इंग्लंडात, लेस्टरला.

हे कसे, म्हणून मी विचारले. त्यांनी समजावून सांगितले. १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्याला पोर्तुगालचे नागरिकत्व सांगता येते. त्यासाठी आपला जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदवावा लागतो. बापाची नोंद झाली की मुलांची होते. पोर्तुगालचा पासपोर्ट हाती आला की युरोपभर कुठेही कामाला जाता येई, आणि दीवची बहुतेक मुले इंग्लंडात गेली. आता ब्रेक्झिट दाराशी आले होते, हा मार्ग बंद व्हायच्या बेतात होता. पण त्यांचे मुलगे वेळेत गेलेले. स्वतः ते लिस्बनला कधी गेले नाहीत, लेस्टरलाही नाही. "मैंने तो सिर्फ कागज पे साइन किया," ते म्हणाले. ही गोष्ट ते तक्रारीने सांगत नव्हते, अभिमानानेही नाही. मुलाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. पत्नीने पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

खोलीवर परतल्यावर पत्नीशी वाद झाला. मी भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून त्या जागेचे पैसे भरले होते. हा त्याग कुणाला दिसत नाही, असे काहीसे मी बोललो. ती म्हणाली, "दिसत नाही कसा? स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंत." मला उत्तर सुचले नाही. खिडकीखालच्या रस्त्यावर पर्यटकांची गाणी पहाटेपर्यंत चालू होती.

सकाळी किल्ला. दीवला थांबायचे ठरल्यापासून मला हा एवढाच उत्साह होता, आणि त्यामागे एक जुने कारण होते. विद्यार्थिदशेत पोर्तुगीजांच्या इतिहासावरचे काही इंग्रजी ग्रंथ वाचताना जुआंव द कास्त्रो या गव्हर्नराच्या पत्राची हकीकत मला सापडली होती. वीर आणि करुण हे रस एका उक्तीत कसे नांदू शकतात, हे सांगण्यासाठी पदवीच्या वर्गात मी ती कित्येक वर्षे वापरीत आलो. हमखास परिणाम करणारी हकीकत आहे. मुले टिपून घेतात.

ती अशी. १५३५ साली गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या आक्रमणाने अडचणीत आला होता. पोर्तुगीजांचे साह्य हवे म्हणून त्याने त्यांना दीवला किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांनी, याच समुद्रात, त्यांच्याशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. किल्ला परत घेण्याचा पहिला प्रयत्न १५३८ चा, दुसरा १५४६ चा. दुसरा वेढा एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत चालला. गोव्याहून कास्त्रोने कुमक पाठवली तिच्यात त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा फर्नांदो होता. ऑगस्टच्या दहा तारखेला शत्रू सेंट जॉनच्या बुरुजासमोरून एकाएकी मागे हटू लागला. खाली सुरुंग पेरलेला आहे हे किल्लेदार मास्कारेन्यसने ओळखले आणि बुरूज सोडण्याचा हुकूम दिला. माणसे निघालीही. तेव्हा एका सरदाराने, हा भ्याडपणा आहे, असे त्यांना सुनावले. माणसे परत फिरली. सुरुंग उडाला. फर्नांदो त्यात गेला.

नोव्हेंबरात कास्त्रो स्वतः आरमार घेऊन आला आणि त्याने वेढा मोडून काढला. पण किल्ला ढासळलेला, तिजोरी रिकामी. त्याने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून वीस हजार पार्दाव कर्जाऊ मागितले. तारण म्हणून मुलाच्या अस्थी पाठवाव्यात या हेतूने त्याने फर्नांदोचे प्रेत उकरविले. मात्र ते अद्याप मातीबाहेर काढण्याजोगे झालेले नव्हते. तेव्हा आपल्याजवळ दुसरे काही नाही म्हणून त्याने आपल्या दाढीचे केस तारण पाठवले. गोव्याने पैसे दिले आणि केस आदरपूर्वक परत केले. आज उभा असलेला बराचसा किल्ला त्यानंतरच्या बांधणीचा आहे.

समुद्राने तीन बाजूंनी वेढलेला हा किल्ला अजून धिप्पाड दिसतो. खडकात खोदलेला खंदक, गवतात पडलेले तोफांचे गोळे, दीपस्तंभ, खाऱ्या वाऱ्याने पोखरलेला पिवळसर दगड. आई एका तोफेच्या सावलीत बसली. मी तिला म्हणालो की या जागेचा तुमच्या चौलशी संबंध आहे. १५०८ मध्ये पहिल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचा, फ्रांसिश्कु द आल्मैदाचा मुलगा लोरेन्सु चौलच्या बंदरात झालेल्या लढाईत मारला गेला. सूड म्हणून पुढल्या वर्षी ३ फेब्रुवारीला आल्मैदाने दीवसमोर इजिप्त आणि गुजरातच्या संयुक्त आरमाराचा धुव्वा उडवला आणि पकडलेल्यांची क्रूर कत्तल केली. "आमच्या समुद्रात?" एवढेच आई म्हणाली. नंतर म्हणाली, "त्याची आई कुठे होती?" ती पोर्तुगालात असणार. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मुलगा ऐकत होता. हे माझ्या ध्यानात आले, आणि अनेक आठवड्यांनी तो माझे ऐकतो आहे या आनंदात मी बोलत गेलो. कास्त्रो नुसता लढवय्या नव्हता, अभ्यासकही होता. १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवला येताना त्याने किनाऱ्याची, बंदरांची, खाड्यांची तपशीलवार नोंद केली. होकायंत्राची सुई वाटेत काही ठिकाणी भरकटते हे टिपले आणि त्याचे कारण किनाऱ्याजवळचे खडक असावेत असा तर्क केला.

"बरोबर आहे तो तर्क," मुलगा म्हणाला. "बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. कोकणात सगळा बसाल्टच."

एवढे मोठे वाक्य तो दिवाळीनंतर माझ्याशी प्रथमच बोलला. मी हुरूप येऊन पत्राकडे वळलो; वर्गात सांगतो त्याच क्रमाने, त्याच विरामांसह. वेढा, कुमक, एकोणीस वर्षांचा फर्नांदो, मागे हटणारा शत्रू, किल्लेदाराचा हुकूम. आणि मग त्या सरदाराच्या टोमण्याशी येऊन मी अडखळलो. वर्गात हा तपशील मी ओझरता सांगत असे, कारण सगळा भर पत्रावर असे. आता तो सांगितल्यावाचून पुढे जाता येईना. सांगितला. शब्द मात्र 'भ्याड' हाच वापरला, दुसरा नाही.

पत्राची हकीकत संपेपर्यंत कुणी काही बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, "म्हणजे बापाचं पत्र राहिलं. मुलाचं काही आहे का लिहिलेलं?"

मी आठवून पाहिले. कामोंइशच्या 'लुसियाद'मध्ये, १५७२ च्या त्या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात, फर्नांदोच्या वाट्याला अर्धे कडवे आले आहे. १५७४ मध्ये जेरोनिमु कोर्त-रेआलने या वेढ्यावर स्वतंत्र महाकाव्य रचले. पण ती दुसऱ्यांची अक्षरे. फर्नांदोचे म्हणून एक वाक्यही माझ्या वाचनात आलेले नाही. समोरच्या पक्षातही असेच. वेढा घालणारा ख्वाजा सफर जूनमध्ये तोफगोळ्याने मेला, त्याच्या जागी त्याचा मुलगा रूमी खान उभा राहिला आणि नोव्हेंबरच्या लढाईत तोही पडला. त्याला तर काव्यात शत्रूचीच जागा.

"बुरूज सोडून गेला असता तर वाचला असता," मुलगा म्हणाला. माझ्याकडे पाहून नव्हे; समुद्राकडे पाहून.

तो तटाकडे निघून गेला, आणि मी त्या पत्राचा पुन्हा विचार करीत राहिलो. इतकी वर्षे मी त्यात दाढी पाहिली होती : राज्यकर्ता आपली प्रतिष्ठा गहाण ठेवतो, केवढे औदार्य. पण पत्राचा क्रम तसा नाही. आधी मुलाच्या अस्थी. दाढी त्या मिळाल्या नाहीत म्हणून. गोव्याच्या नागरिकांसमोर आपली पत वाढवायला त्या बापाने तीन महिन्यांपूर्वी पुरलेला मुलगा उकरला होता. करुणरसाचे उदाहरण म्हणून मी हे फळ्यावर लिहीत आलो. कास्त्रोच्या दुःखाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते खरेच असणार, आणि ते खरे असूनही हेच झाले, हे मला त्या सकाळी अधिक अस्वस्थ करीत होते. भविष्य निर्वाह निधीचे कर्ज माझ्या नावावर होते. तारण कोण होते, हे पत्नीने रात्री सांगितलेच होते.

मात्र किल्ल्यात मी कुठलाही निर्णय घेतला नाही. उलट खाली उतरताना, एकोणीस हे वय असे काय मोठे, एक वर्ष आणखी काढले तर कुठे बिघडते, अशी वाक्ये मनात जुळवीत होतो. आईचा हात धरून मुलगा तिला पायऱ्या उतरवीत होता आणि रूमी खान म्हणजे कोण ते तिला पुन्हा समजावीत होता.

बेट सोडताना घोघल्याच्या पलीकडे गुजरात पोलिसांची चौकी आहे. दीवहून येणारी गाडी तिथे तपासतात. आमच्या चालकाचा चेहरा त्या सकाळी काहीसा पडलेला होता. गाडी बाजूला घ्यायला सांगितली, सामान उतरवले गेले. शिपायाने आईची पिशवी उघडून होक्याची चार फळे बाहेर काढली, हुंगली आणि परत ठेवली. चालकाच्या बैठकीखाली काहीतरी सापडले. त्यावर बोलणी सुरू झाली आणि ती लांबणार हे दिसू लागले. रस्त्याकडेच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी पत्नीला म्हणालो, "तो कागद दे जरा." तिने काही न विचारता पर्स उघडली. पेन मुलाच्या खिशात होते.

आईने विचारले, "कसली सही करतोस? पोलिसांचा कागद आहे का?"

टपरीवर टेबल नव्हते. गाडीच्या तापलेल्या टपावर कागद ठेवून, वाऱ्याने उडू नये म्हणून मुलाने तो दोन्ही बाजूंनी धरला आणि मी सही केली. ती इतकी वेडीवाकडी आली की, जानेवारीत महाविद्यालयाने सही प्रवेशाच्या वेळच्या सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत पाठवला, आणि मला तेथे जाऊन कारकुनासमोर पुन्हा एकदा सही करावी लागली.